निष्क्रिय फ्लोरोकार्बन द्रव आणि बंद भांड्याची अट

पाण्यासारखा स्वच्छ, बिनरंगी, बिनवासाचा, पण पाण्याच्या जवळपास पावणेदोन पट जड असा एक द्रव गेली कित्येक दशके उद्योगांत वापरला जातो आहे. चालू संगणकाचा सर्किट बोर्ड त्यात बुडवला तरी तो बिनबोभाट चालू राहतो. धातू त्यात गंजत नाही, बहुतेक प्लॅस्टिक आणि रबर त्यात फुगत नाही, आणि ज्योत जवळ नेली तरी तो पेट घेत नाही. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने ‘फ्लुओरिनर्ट’ या नावाने तो जगभर विकला. त्याच जातीचे द्रव इटलीतून ‘गाल्डेन’ या नावाने आले. या द्रवांबद्दल आज दोन टोकांची मते ऐकू येतात. इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता त्याला आदर्श द्रव म्हणतो, तर पर्यावरणाचा अभ्यासक त्याच्याकडे शतकानुशतके न मरणारे प्रदूषण म्हणून पाहतो. दोघेही खरे बोलत आहेत आणि दोघेही एकाच गुणाबद्दल बोलत आहेत, हे मला या लेखात दाखवायचे आहे. ज्या कारणाने हा द्रव यंत्रात काहीही बिघडवत नाही, त्याच कारणाने निसर्गातली कोणतीही शक्ती त्याला सहजी मोडू शकत नाही. म्हणून हा द्रव चांगला की वाईट, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. प्रत्येक वापराला विचारायचा प्रश्न असा आहे की तिथे हा द्रव भांड्यात राहतो का, आणि राहत नसेल तर त्याच्यावाचून ते काम खरोखर अडते का.

आधी त्याची घडण पाहू. पेट्रोलमध्ये सापडणाऱ्या हेक्झेनच्या रेणूत सहा कार्बन आणि चौदा हायड्रोजन असतात. या चौदाही हायड्रोजनच्या जागी फ्लोरीन बसवला की परफ्लोरोहेक्झेन मिळतो. फ्लुओरिनर्टच्या एफसी-72 या प्रकारातला मुख्य घटक तोच. कार्बन आणि फ्लोरीन यांच्यातला बंध हा कार्बनच्या सर्वांत बळकट एकेरी बंधांपैकी आहे, आणि एकाच कार्बनवर दोन-तीन फ्लोरीन आले की तो आणखी घट्ट होतो. त्यात भर म्हणजे फ्लोरीनचे अणू कार्बनच्या साखळीला बाहेरून असे वेढून टाकतात की आत हल्ला करायला आम्ल, अल्कली किंवा ऑक्सिजन यांना जागाच उरत नाही. फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन इतके आवळून धरतो की शेजारच्या रेणूंशी होणारे आकर्षणही अगदी क्षीण राहते. याचा पुरावा उत्कलनबिंदूत दिसतो. साध्या हेक्झेनचा रेणुभार 86 आणि तो 69 अंश सेल्सिअसला उकळतो. परफ्लोरोहेक्झेनचा रेणुभार 338, म्हणजे जवळपास चौपट, आणि तरी तो 56 अंशांनाच उकळतो. रेणू जड, पण एकमेकांना धरून ठेवण्याची ओढ नाही. म्हणूनच त्याचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे एकषष्ठांश असतो आणि तो बारीकशा फटीतही शिरतो. म्हणूनच तो पाण्यात मिसळत नाही आणि तेलातही मिसळत नाही. एका बाटलीत पाणी, तेल आणि हा द्रव ओतला तर तीन वेगळे थर दिसतात आणि हा सर्वांत खाली बसतो. आणि रेणूंमध्ये पकड सैल असल्यामुळेच ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू त्यात भरपूर सामावतात. पुढचे सगळे उपयोग या एवढ्या रसायनातून निघतात.

उष्णता वाहून नेण्यात मात्र हा द्रव पाण्यापुढे अगदीच उणा आहे, आणि ही गोष्ट जाहिरातींत सहसा झाकली जाते. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा त्याला पुरतो; त्याची उष्णतावाहकता पाण्याच्या एक दशांश आहे; आणि एक किलो एफसी-72 ची वाफ होताना तो सुमारे 88 किलोज्यूल उष्णता घेतो, तर पाणी 2257. मग तो शीतक म्हणून का निवडला जातो? कारण तो विजेला जाऊ देत नाही. अडीच मिलिमीटरच्या फटीत भरलेला एफसी-72 साधारण 38 हजार व्होल्टपर्यंत ठिणगी पडू देत नाही. हवेच्या मानाने हे पाचपट झाले. पाण्याला चिपपासून दूर, नळीत किंवा धातूच्या पट्टीत बंद ठेवावे लागते. हा द्रव थेट चिपच्या अंगाला भिडतो, मधले सगळे अडसर वगळतो, आणि हव्या त्या तापमानाला उकळणारा प्रकार निवडता येतो: 56 अंशांपासून 215 अंशांपर्यंतचे फ्लुओरिनर्ट उपलब्ध होते. म्हणजे त्याची खरी किंमत उष्णता नेण्यात नाही, निर्धोकपणे स्पर्श करण्यात आहे. जिथे थेट स्पर्शाची गरज नाही, तिथे त्याचा दावा ढासळतो. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

या द्रवाचा जन्म शांततेच्या कामासाठी झाला नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ सायमन्स यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस पारा वापरून कार्बनवर फ्लोरीनची क्रिया स्फोटाविना घडवली आणि थोडेसे परफ्लोरोकार्बन मिळवले. अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात युरेनियम हेक्झाफ्लोराइड हा वायू वापरायचा होता, आणि तो हाती लागेल त्या तेलाला, ग्रीसला आणि रबराला खाऊन टाकत होता. सायमन्स यांच्याकडचा इवलासा नमुना या वायूपुढे टिकला आणि वंगण, सील व शीतक म्हणून या कुळाची मागणी एकदम वाढली. पुढे सायमन्स यांनी विद्युत-रासायनिक फ्लोरिनेशनची रीत शोधली. निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमध्ये सेंद्रिय पदार्थ घालून निकेलच्या पट्ट्यांमधून अवघ्या पाच-सहा व्होल्टचा प्रवाह सोडायचा; पट्टीवरच हायड्रोजन निघून फ्लोरीन बसतो. युद्धकाळातील गुप्ततेमुळे हे संशोधन 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. थ्रीएमने ही रीत विकत घेतली आणि तिच्यातून दोन धारा निघाल्या. एकीकडे हे निष्क्रिय द्रव आणि दुसरीकडे कापडावर डाग पडू न देणारी, आग विझवणाऱ्या फेसात जाणारी, पुढे पिण्याच्या पाण्यात आणि माणसाच्या रक्तात सापडलेली फ्लोरीनयुक्त आम्ले. एकाच यंत्रातून दोन्ही निघतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये या द्रवाचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे 1985 चा क्रे-2 महासंगणक. सेमूर क्रे यांनी चिप इतक्या दाटीने बसवल्या होत्या की पंख्याची हवा त्यांच्यामधून जाणेच शक्य नव्हते. त्यांनी सगळे बोर्ड फ्लुओरिनर्टमध्ये बुडवून ठेवले आणि तापलेला द्रव बाहेर काढून थंड पाण्याच्या नळ्यांवरून फिरवला. संगणकाशेजारच्या पारदर्शक टाकीत हा द्रव धबधब्यासारखा पडताना दिसे आणि पाहुणे ते पाहायला येत. पण प्रसिद्धीच्या झोतात कधीही न आलेली कामे मला जास्त बोलकी वाटतात. लष्करी आणि अवकाशातल्या वापराच्या चिपचे धातूचे कवच हवाबंद आहे की नाही, हे तपासण्याची एक रीत पाहा. आधी चिप कमी तापमानाला उकळणाऱ्या फ्लोरोकार्बनमध्ये दाबाखाली ठेवतात. कवचाला डोळ्याला न दिसणारी भेग असेल तर तेवढ्यातून थोडा द्रव आत शिरतो. मग चिप बाहेर काढून 125 अंशांना तापवलेल्या, पण जास्त उत्कलनबिंदू असलेल्या दुसऱ्या फ्लोरोकार्बनमध्ये सोडतात. आत शिरलेला थेंब लगेच उकळतो आणि भेगेतून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. काळ्या पार्श्वभूमीवर, दिव्याच्या उजेडात, भिंगातून ती माळ पाहणारा तपासनीस चिप बाद करतो. चिपला ओरखडा नाही, डाग नाही, पुसायचीही गरज नाही.

सोल्डरिंगची वाफेची रीतही अशीच देखणी आहे. 215 अंशांना उकळणाऱ्या द्रवाची जड वाफ टाकीत थर धरून राहते. बोर्ड त्यात उतरवला की थंड भागांवर वाफ निवळते, आपली उष्णता देते आणि सोल्डर वितळवते. बोर्डाचे तापमान 215 च्या वर जाऊच शकत नाही आणि वाफेमुळे हवेचा संबंध येत नाही. पण याच यंत्रांच्या पहिल्या पिढीत या सगळ्या प्रकरणाचे मर्म दडलेले आहे. टाक्या वरून उघड्या होत्या आणि महागडी वाफ उडून जाई. ती अडवण्यासाठी तिच्यावर स्वस्त फ्रिऑन-113 च्या वाफेचा दुसरा थर पसरवत. म्हणजे एक टिकाऊ वायू वाचवायला ओझोनचा थर फोडणारा दुसरा वायू हवेत सोडला जात होता. पुढे मॉन्ट्रियल करारामुळे फ्रिऑन-113 गेला आणि यंत्रे बंदिस्त झाली. टाकी बंद करणे तंत्राच्या दृष्टीने आधीही शक्य होते. ते करायला कायदा यावा लागला.

अमेरिकी स्पेस शटलच्या इंधनघटांचे शीतक फ्लुओरिनर्टचाच एफसी-40 हा प्रकार होता. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, मुंबईच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञ ज्यात सहभागी आहेत त्या सीएमएस प्रयोगातले सिलिकॉनचे संवेदक परफ्लोरोहेक्झेनने थंड राखले गेले, कारण गळती झाली तरी संवेदक वाचावेत. त्याच सीएमएसमध्ये 2017 साली बसवलेल्या नव्या पिक्सेल संवेदकांसाठी मात्र साधा कार्बन डायऑक्साइड शीतक म्हणून निवडला गेला, आणि तो चांगले काम करतो. आजचा सर्वांत मोठा ग्राहक चिप उद्योग आहे. प्लाझ्माने सिलिकॉनवर नक्षी कोरताना चकतीखालच्या बैठकीचे तापमान काटेकोर राखावे लागते, तिथे मोठा विद्युतदाबही असतो, आणि शून्याखाली कित्येक अंशांपर्यंत पातळ राहणारा विद्युतरोधक द्रव दुसरा चटकन सापडत नाही. हे अवलंबन किती खोल आहे ते 2022 मध्ये दिसले. बेल्जियममधील अँटवर्पजवळच्या झ्वाइनड्रेख्ट येथील थ्रीएमच्या कारखान्यात प्रदूषणाच्या कारणावरून उत्पादन थांबवावे लागले, आणि दक्षिण कोरियातल्या चिप कारखान्यांपर्यंत घबराट पसरली, कारण त्यांच्या शीतकाचा मोठा हिस्सा त्या एकाच ठिकाणाहून येत होता.

वैद्यकातला इतिहास अधिक रोमहर्षक आणि अधिक खट्टू करणारा आहे. 1966 साली लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की ऑक्सिजन विरघळवलेल्या फ्लोरोकार्बन द्रवात पूर्ण बुडवलेले उंदीर त्या द्रवातच श्वास घेत जिवंत राहतात आणि बाहेर काढल्यावर पुन्हा हवेत श्वास घेऊ लागतात. क्लार्क हे रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचे जनक. ऑक्सिजनचा हिशेब त्यांच्याइतका नेमका क्वचितच कुणाला कळत होता. शंभर मिलिलिटर पाण्यात जेमतेम तीन मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो, या द्रवांत चाळीस ते पन्नास. मग स्वप्ने पाहिली गेली: खोल समुद्रात द्रव श्वासात घेणारे पाणबुडे, कृत्रिम रक्त, अकाली जन्मलेल्या बाळांची फुफ्फुसे उघडणारा द्रव. फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात 1989 च्या सुमारास, दुसरा कोणताही उपाय न उरलेल्या बाळांवर हा प्रयोग झाला. फुफ्फुसे मऊ झाली, वायूंची देवाणघेवाण सुधारली, पण बाळे वाचली नाहीत. नंतर प्रौढांच्या तीव्र श्वसनविकारात, 311 रुग्णांवर रीतसर तुलना करून 2006 मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या व्हेंटिलेटरवरच्या गटात 28 दिवसांत 15 टक्के रुग्ण दगावले, कमी मात्रेत द्रव दिलेल्या गटात 26 टक्के आणि जास्त मात्रेच्या गटात 19 टक्के. कृत्रिम रक्ताचीही हीच गत झाली. ओसाकातील ग्रीन क्रॉस कंपनीच्या फ्लुओसोलला अमेरिकेत 1989 साली हृदयाच्या रक्तवाहिन्या फुग्याने उघडताना वापरण्याची परवानगी मिळाली आणि 1994 पर्यंत ते बाजारातून गेलेही. एखादा द्रव शरीराला अपाय करत नाही एवढ्यावरून तो उपकार करेल असे ठरत नाही. शरीराच्या बाबतीत निष्क्रियता ही पहिली पायरी आहे, औषधाचा गुण नव्हे.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत मात्र या द्रवाने निर्विवाद जागा मिळवली आहे. ज्याला आपण ‘पडदा सरकला’ म्हणतो, त्या दृष्टिपटलाच्या विकारात पडदा डोळ्याच्या मागच्या भिंतीपासून सुटतो, कधी मोठा फाटून उलटा दुमडतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनली चँग यांनी परफ्लोरोकार्बनचा वापर रूढ केला. शल्यविशारद बारीक सुईतून द्रवाचा एक थेंब दृष्टिचेतेच्या मुखावर ठेवतो आणि तो सावकाश वाढवत नेतो. पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तो थेंब तळाशी बसून पडदा मागे दाबतो. पडद्यामागे साचलेले पाणी कडेकडेने सरकत फाटलेल्या भागातून बाहेर पडते. दुमडलेली कड उलगडते. द्रव पारदर्शक आहे, पण त्याचा अपवर्तनांक पाण्याहून थोडा वेगळा असल्यामुळे त्याची कड सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसते. लेसरने पडदा पक्का केला की द्रव काढून घेतात आणि त्या जागी वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. काही मिलिलिटर द्रव, काही मिनिटांचे काम, वाचलेली दृष्टी. या वापराला माझा कोणताही आक्षेप नाही. तरीही 2015 साली स्पेनमध्ये डोळ्याच्या अशाच द्रवाच्या सदोष खेपांमुळे डझनावारी रुग्णांची दृष्टी गेली, कारण शुद्धीकरणात कसर राहून घातक अशुद्धी उरल्या होत्या. द्रव निष्क्रिय असला तरी त्याच्या बाटलीतले सगळेच निष्क्रिय असते असे नाही.

उष्णतेच्या बाबतीतही ही निष्क्रियता अमर्याद नाही. फार तापलेल्या पृष्ठभागावर किंवा विजेच्या ठिणगीत हे द्रव फुटू शकतात, आणि तेव्हा निघणाऱ्या वायूंत परफ्लोरोआयसोब्युटिलीन असू शकतो. हा वायू फॉस्जीनपेक्षा कितीतरी विषारी आहे आणि रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. नीट बांधलेल्या यंत्रात असे घडत नाही, पण तापमानाची मर्यादा आणि हवा खेळती राखण्याचे नियम कामगारांपर्यंत पोचलेच पाहिजेत.

आता वातावरणाकडे वळू. या रेणूंत क्लोरीन नाही, म्हणून ते ओझोनला धक्का लावत नाहीत. याच कारणाने 1990 च्या दशकात फ्रिऑनच्या जागी त्यांचे स्वागत झाले. पण हवेत गेलेला परफ्लोरोहेक्झेन पावसाने धुतला जात नाही, सूर्यप्रकाशाने खालच्या वातावरणात तुटत नाही, जिवाणू त्याला खात नाहीत. त्याचे वातावरणातले आयुष्य सुमारे तीन हजार वर्षे आहे, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सात-आठ हजार पट उष्णता अडवतो. एक लिटर एफसी-72 चे वजन 1.68 किलो. तो उडून गेला तर सुमारे 13 टन कार्बन डायऑक्साइडइतके काम करतो. गाडीत साडेपाच हजार लिटरहून अधिक पेट्रोल जाळल्यावर तेवढा निघतो. हा द्रव 56 अंशांना उकळतो, म्हणजे झाकण नीट न लागलेल्या डब्यातून तो मुंबईच्या साध्या उन्हाळ्यातही भराभर उडतो. 1997 च्या क्योटो कराराने परफ्लोरोकार्बनना नियंत्रित सहा वायूगटांत घेतले ते याचसाठी. 2013 साली टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी फ्लुओरिनर्टच्याच एका जड प्रकारात असणारा परफ्लोरोट्रायब्युटिलअमाइन शहराच्या हवेत मोजला आणि त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 7100 पट असल्याचे दाखवले.

यावर पहिला आक्षेप प्रमाणाचा घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. टोरांटोच्या हवेत मोजलेले प्रमाण एक लाख कोटी रेणूंमागे 0.18 एवढेच होते. कोळशाच्या तुलनेत ही गळती नगण्य आहे, मग एवढा बाऊ कशाला? माझे उत्तर असे की कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र आणि झाडे परत घेतात. या द्रवांना परत घेणारे कुणी नाही. आज सोडलेला किलो शिवकाळापासून आजपर्यंत लोटला त्याच्या कितीतरी पट अधिक काळ तिथेच राहणार आहे, आणि उद्याचा किलो त्याच्या भरीला पडणार आहे. शिवाय कोळसा कोट्यवधी चुलींत आणि हजारो भट्ट्यांत जळतो; हा द्रव मोजक्या कारखान्यांत, नोंद ठेवून, भारी किमतीला विकला जातो. ज्याचे ग्राहक बोटांवर मोजता येतात त्याची गळती थांबवणे हे हवामानाच्या साऱ्या प्रश्नांतले सर्वांत सोपे काम असायला हवे. ते थोडके आहे म्हणून टाळणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप उत्पादकांचा. ते म्हणतात की निष्क्रिय द्रवांची गाठ रक्तात साठणाऱ्या फ्लोरीनयुक्त आम्लांशी घालणे अन्यायाचे आहे. रेणूच्या पातळीवर हे बरोबर आहे. परफ्लोरोहेक्झेन पाण्यात विरघळत नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसत नाही. त्याला आणि या आम्लांपैकी पीएफओएला एकाच विषाचे दोन प्रकार म्हणणे चूक ठरेल. तरीही कारखान्याच्या पातळीवर ही विभागणी टिकत नाही, कारण सायमन्स यांच्या रीतीने काम करणाऱ्या कारखान्यांतून दोन्ही कुळे निघत आली आहेत. व्हेनेटो प्रांतातील त्रिस्सिनो गावच्या मितेनी या इटालियन कारखान्याने भूजल असे दूषित केले की साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचे पाणी धोक्यात आले. 2018 मध्ये तो दिवाळखोरीत गेला आणि 2025 साली व्हिचेन्झाच्या न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली जाऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. इथल्या कारखान्यावर कोणताही आरोप करण्याचा माझा हेतू नाही. तिथे काय बनते आणि ते कसे हाताळले जाते हे मोजमापांनी ठरायला हवे. पण लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि वाशिष्ठीच्या पाण्यात फ्लोरीनयुक्त आम्ले आहेत की नाहीत याची नियमित, जाहीर तपासणी मागणे हा कोकणातल्या माणसाचा साधा हक्क आहे. द्रव ग्राहकाच्या भांड्यात बंद राहील, पण तो जिथे बनतो तिथले भांडे उघडे असेल तर बंदपणाला अर्थ उरत नाही.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या भरवशावर उभा आहे: नवे द्रव आले, जुना प्रश्न मिटला. थ्रीएमनेच नोवेक नावाने असे द्रव आणले. त्यातला एक फ्लोरोकीटोन सूर्यप्रकाशात काही दिवसांत तुटतो आणि त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडइतकीच आहे. ही खरी प्रगती आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण तुटल्यावर त्यातून ट्रायफ्लोरोअॅसिटिक आम्ल निघते. ते पावसात उतरते, पाण्यात आणि वनस्पतींत साठते, आणि नेहमीच्या जलशुद्धीकरणाने निघत नाही. म्हणजे आकाशातला प्रश्न जमिनीवर उतरतो. मायक्रोसॉफ्टने 2021 साली वॉशिंग्टन राज्यातील क्विन्सी येथे 50 अंशांना उकळणाऱ्या अशाच द्रवात सर्व्हर बुडवून दाखवले तेव्हा तेच भविष्य वाटले होते. 2022 च्या डिसेंबरात थ्रीएमने 2025 अखेरपर्यंत या संपूर्ण रसायनकुळातून बाहेर पडण्याचे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतील पाणीपुरवठा संस्थांना 10.3 अब्ज डॉलर देण्याचा समझोता केला. कुळाचा आद्य उत्पादकच बाजूला होतो तेव्हा त्या कुळावर नवी पायाभूत व्यवस्था उभारणे शहाणपणाचे नाही.

आपल्याकडे हा मुद्दा डेटा सेंटरच्या रूपाने येतो आहे. देशातील डेटा सेंटरचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईत आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरमुळे तिथली उष्णता वाढतच जाणार. बुडवून थंड करणाऱ्या तंत्राचे समर्थक सांगतात की त्याने पाणी वाचते. हा युक्तिवाद तपासला तर निसटतो. पाणी संपते ते चिपजवळ नाही, इमारतीबाहेरच्या शीतन-मनोऱ्यात, बाष्पीभवनाने. आत फ्लोरोकार्बन फिरवा की पाणी-ग्लायकॉल, उष्णता शेवटी बाहेर टाकावीच लागते. कोमट पाण्याच्या बंद फेऱ्यावर चालणारी धातूची पट्टी वापरूनही कोरड्या मनोऱ्याचा पर्याय निवडता येतो. आजचे शक्तिशाली एआय सर्व्हर बहुतेक अशाच पट्ट्यांवर चालतात. चिपला थेट भिडण्याची गरज नसेल तर या द्रवाचा दावा संपतो, असे वर म्हटले ते याच अर्थाने. ज्यांना बुडवूनच थंड करायचे आहे त्यांच्यासाठी फ्लोरीन नसलेली कृत्रिम तेले आहेत. ती चिकट आहेत, दुरुस्तीच्या वेळी हात आणि बोर्ड माखतात, आणि पेटूही शकतात, पण हवेत तीन हजार वर्षे राहत नाहीत.

चिप कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे. कोरीवकामाच्या शीतकाला आज सर्वत्र चालेल असा पर्याय नाही, आणि गुजरातेत धोलेरा येथे उभ्या राहणाऱ्या कारखान्यालाही तो लागेलच. तिथे बंदीची भाषा करणे मला बेजबाबदार वाटते. युरोपात जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी 2023 मध्ये या कुळातल्या हजारो रसायनांवर सरसकट निर्बंधाचा प्रस्ताव मांडला, तेव्हाही ज्या वापरांना पर्याय नाही त्यांना मुदत देण्याची सोय ठेवावी लागली. बंदीऐवजी हिशेब मागावा. बंद फेऱ्यातला द्रव खरोखर बंद असेल तर वर्षाअखेरीस त्यात भर घालावी लागत नाही. भर घालावी लागली तर तेवढा द्रव हवेत गेला, एवढे सरळ गणित आहे. म्हणून कारखान्याने वर्षाला किती द्रव विकत घेतला, किती परत दिला आणि किती भर घातली, हे तीन आकडे पर्यावरण परवान्याची अट म्हणून जाहीर व्हायला हवेत. उघड्या टाकीत या द्रवाने केलेली धुलाई आणि पर्याय असलेली शीतनाची कामे थांबवावीत. गळती तपासणीसाठी हेलियमसारख्या रीती जिथे पुरतात तिथे त्या वापराव्यात. शस्त्रक्रियागृहातल्या काही मिलिलिटरना हात लावू नये, फक्त त्यांच्या शुद्धतेची तपासणी कडक असावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नवी मुंबईच्या डेटा सेंटरना आणि लोट्याच्या फ्लोरीन उद्योगाला हे आकडे आजच विचारावेत, आणि आलेली उत्तरे मराठीत, लोकांना वाचता येतील अशा ठिकाणी लावावीत.